घरी घडवलेली तबकडी

तबकडी म्हटले की जुन्या माणसांना ग्रामोफोन आठवतो, त्यांच्या मुलांना सिनेमाची सीडी आठवते, आणि नातवंडांना काहीच आठवत नाही. कारण त्यांच्या संगणकाला तबकडी घालण्याची फटच उरलेली नाही. तरीही आज मी जिच्याविषयी लिहिणार आहे ती तबकडी अजून कामातून गेलेली नाही. पुष्कळ ठिकाणी तिने पेनड्राइव्हचे रूप घेतले आहे, पण काम तेच.

संगणक विकत आणला म्हणजे तो चालतोच, असे आपण धरून असतो. खरे पाहता नुसते यंत्र काहीच करीत नाही. पडद्यावर अक्षर उमटवणे, दाबलेली कळ कोणती ते ओळखणे, कोणती फाइल कोठे ठेवली याचा हिशेब राखणे, ही सारी घरकामे करणारी एक मूळ व्यवस्था त्याच्या पोटात आधी भरावी लागते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यांपैकी एक, लिनक्स ही दुसरी. यंत्र फारच कुरकुर करू लागले की ओळखीचा दुरुस्तीवाला येतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ म्हणतो आणि पिशवीतून जी काढतो ती ही तबकडी.

कंपनीकडून येणारी तबकडी तयार कपड्यासारखी असते. साऱ्या जगाला एकच माप. ती बसवून झाली की मग आपली शिवण-उसवण सुरू होते. मराठी टंक घाला, मराठी कीबोर्ड लावा, घड्याळ भारताच्या वेळेवर आणा, नको त्या वस्तू काढून टाका, हव्या त्या एकेक आणून बसवा. घरात एकच संगणक असला तर एका रविवारची करमणूक म्हणून हे ठीक आहे. दहा असले, आणि ते जेथे आहेत तेथे इंटरनेटचा पत्ता नसला, म्हणजे मात्र कपडा मापानेच शिवून न्यावा लागतो.

रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेपुढे नेमका हाच प्रश्न होता. माझी धाकटी मावसबहीण तेथे मुख्याध्यापिका आहे. शाळेला पूर्वी कोणी देणगीदाखल दिलेले दहा संगणक होते. त्यांवर विंडोज सेव्हन होते. त्याची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजीच थांबवली होती. पेनड्राइव्हमधून आलेल्या विषाणूंनी तर इतका उच्छाद मांडला होता की एक फाइल उघडायला गेले की दुसरेच काहीतरी उघडे. २०२५ च्या एप्रिलमध्ये शालेय समितीत बोलणे निघाले की ही अडगळ शाळा उघडण्यापूर्वी भंगारवाल्याला देऊन टाकावी आणि ती खोली मोकळी करावी.

मे महिन्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, “दादा, नवे संगणक कधी मिळतील ते देव जाणे. ही यंत्रे गेली तर आठवी-नववीची मुले दहावी होऊन जातील आणि कीबोर्डला बोट लागलेले नसेल. फोन आहेत घरोघर, पण फोनवर मुले नुसती बघतात. लिहीत कोणी नाही.”

एवढे ऐकल्यावर नाही म्हणणे शक्य नव्हते. शिवाय खरे सांगायचे तर हे काम मला आवडते.

अशी तबकडी स्वतः तयार करण्याची विद्या नवी नाही. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात आले. २००३ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या किड्याने जगभर धुमाकूळ घातला. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हावी आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा चालू व्हावे, असा तो प्रकार होता. गंमत अशी की त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने जुलैतच काढला होता; पण तो मिळवायला इंटरनेटला जोडावे लागे, आणि जुन्या तबकडीवरून नुकतेच बसवलेले एक्सपी जोडताक्षणी उतारा पोचण्याआधी किडाच पोचे. तेव्हा जाणत्या लोकांनी तो उतारा मूळ तबकडीतच मुरवायला सुरुवात केली. मूल जन्मालाच यावे ते लस टोचून, तसे. पुढे ‘एनलाइट’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने हे काम इतके सोपे केले की कॉलेजातली मुले हौसेने आपापल्या तबकड्या करू लागली. नव्या प्रकारच्या हार्डडिस्क एक्सपीला ओळखू येत नसत; त्यांची ओळख करून देणारी फाइल फ्लॉपीवरून द्यावी लागे, आणि नव्या यंत्रांना फ्लॉपीची खोबणच नसे! हा पेचही तबकडीतच ती फाइल घालून सुटत असे.

पण विंडोजच्या बाबतीत एक मर्यादा असते. घर भाड्याचे आहे. भिंतीला खिळा मारायचा तर करारनामा बघावा लागतो. आपल्या परवान्यापुरते फेरफार करणे वेगळे आणि तशी तबकडी दहा जणांना वाटणे वेगळे. लिनक्सचे तसे नाही. फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्‌सने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि तो ज्या परवान्याखाली दिला त्यात प्रती काढायला, बदल करायला आणि वाटायला मोकळीक आहे. अट एवढीच की तुम्ही वाटलेत तर त्यामागची मूळ संहिताही मागणाऱ्याला मिळाली पाहिजे. घेतलेला वाडगा रिकामा परत करू नये, या आपल्या रिवाजाच्याच जातीची ही अट आहे.

या मोकळिकीचा फायदा घेऊन क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन अभियंत्याने २००० साली ‘क्नॉपिक्स’ काढले. ७०० मेगाबाइटच्या एका सीडीत त्याने सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज दाबून बसवला, आणि संगणकावर काहीही न बसवता नुसत्या सीडीवरून अख्खी व्यवस्था चालवून दाखवली. आपल्याकडेही ही परंपरा आहे. सी-डॅकने ‘बॉस’ नावाचे लिनक्स भारतीय भाषांसाठी तयार केले. केरळ सरकारच्या शाळांतून तर तेथील ‘काइट’ या संस्थेने स्वतःच्या मापाने बेतलेले लिनक्स चालते. मग मी नवे काय करणार होतो? फार काही नाही. एका शाळेचे माप घ्यायचे होते, इतकेच.

माप घ्यायला गेलो तेव्हा कळले की दहांपैकी तीन यंत्रे ३२ बिट जातीची आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती जेमतेम एक गिगाबाइट. नव्या चालीच्या बहुतेक प्रणालींनी या जातीला दार बंद केले आहे. दोन यंत्रे अशी निघाली की ती पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत. त्यांना खरोखरची तबकडीच हवी. सर्वांना चालेल असे एकच काही हवे म्हणून मी डेबियनची १२ वी आवृत्ती निवडली. डेबियन हे लिनक्सच्या घराण्यातले एक जुने आणि सचोटीचे नाव. इयन मर्डॉक या तरुणाने १९९३ साली ते सुरू केले आणि आपल्या प्रेयसीचे नाव डेब्रा, त्याला आपले इयन जोडून नाव ठेवले. पुढे त्यांचे लग्नही झाले. १२ व्या आवृत्तीचे टोपणनाव ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकातला किडा. शाळेला याहून चांगले नाव कोठून मिळणार!

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. ती वाचून आपण करालच असे नाही. पण ती किती घरगुती आहे हे तरी ध्यानात येईल.

घरच्या संगणकावर डेबियन होतेच. त्यावर ‘लाइव्ह-बिल्ड’ नावाचे साधन बसवले. एक रिकामा फोल्डर केला आणि त्यात ‘एलबी कॉन्फिग’ ही आज्ञा दिली. तिने आत लहान-लहान फोल्डरांची उतरंड मांडून दिली. त्यांतल्या एकात एक साधी यादी लिहायची असते: आपल्याला कोणकोणते प्रोग्रॅम हवेत त्यांची नावे, एका ओळीत एक. वाण्याकडे पाठवायची असते तशीच ही यादी, आणि वाणी मोठा समजूतदार. श्रीखंड लिहिले तर चक्का, साखर, वेलदोडे तो न सांगता बांधून देतो. कारण प्रत्येक प्रोग्रॅमला आणखी काय-काय लागते याची नोंद डेबियनच्या कोठारात आधीच असते.

माझी यादी आखूड होती. हलक्या अंगाचा एलएक्सडीई डेस्कटॉप, लेखनासाठी व हिशेबासाठी मराठीतले लिबर ऑफिस, लहान मुलांसाठी टक्स पेंट हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम, टंकलेखनाचा सराव आणि शब्दकोश. मराठी विकिपीडियाची चित्रांविना असलेली प्रत मी एका फाइलीत उतरवून घेतली आणि ती उघडणारा ‘किविक्स’ यादीत घातला. ज्या गावात इंटरनेट येत-जात असते तेथे अख्खा ज्ञानकोश तबकडीतून पोचवता येतो, या एका गोष्टीसाठीही मी हा सारा खटाटोप केला असता. खेळ घालावेत की नाहीत यावर घरात मतभेद झाले. मी विरुद्ध होतो. सौभाग्यवतींनी, “शाळा आहे ती, कचेरी नव्हे,” असे म्हणून दोन खेळ घालायला लावले, आणि मुलांनी पहिल्या दिवशी प्रथम काय उघडले हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा फोल्डर असा असतो की त्यात जे ठेवाल ते जसेच्या तसे नव्या संगणकावर जाऊन बसते. लिनक्समध्ये ‘स्केल’ नावाची एक जागा आहे. घरात नवा माणूस आला की त्याला जे अंथरूण-पांघरूण द्यायचे ते जणू तेथे घडी घालून ठेवलेले असते. प्रत्येक नव्या वापरणाऱ्याच्या खात्यात त्याची प्रत आपोआप जाते. तेथे मी मराठी नावांची चिन्हे ठेवली आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डचा एक तक्ता ठेवला. या इनस्क्रिप्टवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. तीच मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांना चालते. एकदा बोटांना सवय झाली की कागदावर लिहिण्याइतके सहज लिहिता येते. मुले चार दिवसांत शिकतात. मोठ्यांना मात्र पंधरा दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती कुरकुरतात.

टंकाची गोष्ट थोडी निराळी. देवनागरी म्हटले की काम झाले, असे परक्यांना वाटते. पण मराठी डोळ्याला हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ खटकतो, आणि ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र नीट पडला नाही तर वाचताना ठेच लागते. ‘लोहित’ हे टंक मी घातले. रेड हॅट कंपनीने ते २००४ साली खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले. एकाच टंकात दोन्ही वळणे असतात, आणि चालू भाषा मराठी आहे हे यंत्राला कळले की मराठी वळण पुढे येते. म्हणून नुसता टंक घालून भागत नाही. प्रणालीची भाषाच मराठी ठरवावी लागते. ती ठरवली आणि पडद्यावर आपल्या शाळेच्या फळ्यावरचा ‘ल’ उमटला तेव्हा मला जे वाटले ते सांगितले तर लोक हसतील.

आता सर्वांत नाजूक भाग. तबकडी संगणकात घातली की स्थापना सुरू होते आणि ती सारखी प्रश्न विचारते: भाषा कोणती, देश कोणता, घड्याळ कोठले, कीबोर्ड कसला. ही उत्तरे आधीच एका फाइलीत लिहून ठेवता येतात. तिला ‘प्रीसीड’ म्हणतात. परीक्षेला उत्तरपत्रिका आधीच भरून नेण्यासारखा हा प्रकार. सारी उत्तरे लिहून ठेवली तर माणसाने बोटही लावायला नको. तबकडी घालावी आणि चहाला जावे.

पण दोन उत्तरे मी मुद्दाम कोरी ठेवली. एक पासवर्डचे, कारण ती फाइल तबकडी उघडणाऱ्या कोणालाही वाचता येते. दुसरा प्रश्न हार्डडिस्कबद्दलचा: ‘यावरील सर्व मजकूर पुसून टाकू का?’ याचेही ‘होय’ आधी लिहून ठेवता येते. मोठमोठ्या कचेऱ्यांतून शेकडो यंत्रे एका रात्रीत तयार करणारे लोक तसे करतात. त्यांचे ते बरोबरही असेल. शाळेत जी तबकडी कोणाच्याही हाती लागेल, ती विचारल्यावाचून पुसणारी असू नये, असे माझे मत. डेबियनचे स्थापनेचे प्रश्न चित्ररूप पद्धतीत मराठीतही येतात. तेव्हा हा प्रश्न मराठीतच, आणि मूळचाच ‘नाही’ या उत्तरावर उभा, असा मी राहू दिला.

मग ‘एलबी बिल्ड’ म्हटले आणि जेवायला बसलो. पहिल्या खेपेला सारे सामान इंटरनेटवरून यायचे होते, म्हणून दीड तास लागला. पुढल्या खेपांना ते घरातच साठवलेले असते. आत काय चालते ते मोठे पाहण्यासारखे आहे. एका फोल्डरात आधी छोटे डेबियन उभे राहते. मग यंत्र त्या फोल्डरालाच सारे जग समजून आत शिरते आणि यादीतले सामान लावते. शेवटी सगळ्याची दाबून एक वडी केली जाते आणि तिच्यापुढे, संगणक जागा होताच प्रथम वाचायचा, एक छोटा दरवान बसवला जातो. तयार झालेली फाइल अडीच गिगाबाइटच्या आसपास भरली. हीच फाइल डीव्हीडीवरही लिहिता येते आणि पेनड्राइव्हवरही.

तबकडी लिहिण्यापूर्वी ती संगणकातल्या संगणकात चालवून पाहता येते. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमने एक लटका संगणक उभा करायचा, त्याला एक गिगाबाइटच स्मरणशक्ती द्यायची आणि बघायचे. माझ्या सहा तबकड्या अशा हवेतच झाल्या. सातवी खरी.

येथे वाचकांना एक सावधगिरीची सूचना. दुसऱ्याने ‘सुधारून’ दिलेली तबकडी डोळे झाकून वापरू नये. ज्याला टंक घालता येतो त्याला चोरही घालता येतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळात घुसून कोणी तेथील दुवा बदलला आणि मागचे दार असलेली तबकडी लोकांच्या गळी उतरवली. यावर उपाय म्हणजे तबकडीचा ठसा पडताळणे. फाइलीचा एकूण एक तुकडा हिशेबात धरून ६४ अंकाक्षरांचा ठसा निघतो. आत एक काना-मात्रा बदलली तरी तो सारा बदलतो. मात्र ठसाही विश्वासाच्या जागेवरून घ्यायला हवा, नाहीतर चोरानेच पावती दिल्यासारखे होईल. शाळेसाठी मी ठसा कागदावर लिहून मुख्याध्यापिकाबाईंच्या कपाटात ठेवायला दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही शाळेत गेलो. नववीत जाणाऱ्या पाच-सहा मुलामुलींना बाईंनी बोलावले होते. मी दोन यंत्रे करून दाखवली आणि तबकड्या त्यांच्या हाती दिल्या. दुपारपर्यंत नऊ यंत्रे उभी राहिली. दहावे कार्यालयातले. त्याच्यातले सगळे काढून घेतले आहे असे सांगण्यात आले होते, म्हणून एका मुलीने त्यात तबकडी घातली. थोड्या वेळाने ती व्हरांड्यात येऊन म्हणाली, “बाई, ते ‘सगळे पुसू का’ म्हणून विचारतेय. आत तर खूप आहे असे दाखवतेय. पुसू?”

बाई चहाचा कप तसाच ठेवून उठल्या. तबकडी काढून यंत्र जुन्याच प्रणालीवर सुरू केले. प्रत काढताना पेनड्राइव्ह मध्येच भरला होता आणि अर्धेच उतरले होते. मागे राहिले होते आठ वर्षांचे निकाल आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंद. त्या मुलीला इंग्रजीतला तोच प्रश्न समजला असता की नाही, हे मी तिला विचारले नाही.

ते यंत्र आम्ही तसेच ठेवले. त्यातला सारा मजकूर जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या टंकात लिहिलेला आहे. तो टंक नसला की अक्षरांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा दिसतो, आणि तो टंक विकतचा असल्याने तबकडीत घालण्याचा मला अधिकार नाही. दोन प्रती नीट काढल्या, यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडला, आणि नोंदी नव्या टंकात उतरवण्याचे काम बाईंनी शनिवारी-शनिवारी सुरू केले. समितीने खोलीचा विषय पुढे ढकलला आहे. रद्द केलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची १३ वी आवृत्ती आली, आणि ३२ बिट यंत्रांसाठी तिची स्थापना-तबकडी निघत नाही. म्हणजे ती तीन म्हातारी यंत्रे बुकवर्मवरच दिवस काढणार, आणि उरलेल्यांसाठी वेगळी तबकडी करावी लागणार. तिच्यासाठी यादी मी केलेली नाही. ती शाळेतूनच आली, वहीच्या पानावर, एका ओळीत एक नाव अशी, नेमकी वाण्याच्या यादीसारखी. तीत तारे दाखवणारा स्टेलारियम आहे, भूमितीच्या आकृत्या काढणारे काहीतरी हवे असे लिहिले आहे, आणि शेवटी निराळ्या अक्षरात कोणीतरी ‘कॅरम असल्यास’ अशी पुस्ती जोडली आहे.